प्रतीक्षेचे दालन : विमान-कंपन्यांच्या विश्रांतिकक्षांची तुलना आणि तिचे निकष

वाङ्मय, चित्र आणि शिल्प यांच्या मूल्यमापनास जसे निकष लागतात, तसे ते वास्तूच्या अंतर्भागाच्या मूल्यमापनासही लागतात, हे नव्याने सांगावयास नको. तथापि विमानतळावरील विश्रांतिकक्ष, म्हणजे सर्वत्र ‘लाउंज’ या नावाने ओळखले जाणारे दालन, हा गंभीर समीक्षेचा विषय होऊ शकतो असे अभ्यासकांना सहसा वाटत नाही. वस्तुतः त्याविषयीचे लेखन आज विपुल आहे. कोणत्या कंपनीचे दालन प्रशस्त, कोणाच्या मेजावर पदार्थ अधिक, कोठे स्नानाची सोय आहे आणि कोठे नाही, यांची वर्णने प्रवासी हौसेने लिहितात आणि हौसेने वाचतात. या लेखनात तुलना आहे. निकष मात्र नाही. दहा पदार्थांपेक्षा पंधरा पदार्थ सरस, या हिशेबापलीकडे ते क्वचितच जाते. लग्नाची पंगत उठल्यावर जिलबीचा आणि मठ्ठ्याचा जो ताळेबंद मांडला जातो, त्याच जातीची ही समीक्षा आहे. तिला चव आहे, पण विचार नाही.

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट आहे. इंग्रजीतील ‘लाउंज’ हे मुळात क्रियापद. सैलावून, अंग टाकून, निरुद्योगी बसणे हा त्याचा अर्थ. स्थळाला ते नाव पुढे मिळाले. मराठीत त्याला ‘प्रतीक्षालय’ म्हटले तर वाट पाहण्यावर भर पडतो. ‘विश्रांतिकक्ष’ म्हटले तर विसाव्यावर. या दोन शब्दांमधील अंतर लहान नाही. रेल्वेचे प्रतीक्षालय गाडी येईपर्यंतचा काळ कसाबसा पार पाडण्यासाठी असते. विश्रांतिकक्षाचा दावा असा असतो, की त्याने वाट पाहण्याची क्रियाच रद्द केली आहे. तेथे बसलेला मनुष्य वाट पाहत नसून विसावा घेत आहे. हा दावा कितपत खरा ठरतो, हीच त्या दालनाची पहिली कसोटी होय. एखाद्या दालनात उत्तम गालिचा असूनही प्रवाशाला दर पाच मिनिटांनी उठून वेळापत्रकाच्या फलकाकडे जावे लागत असेल, तर गालिचा वाया गेला असेच म्हणावे लागेल.

कोकणातील घराच्या रचनेत या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे. अंगण ओलांडून येणारा कोणीही ओटीवर टेकतो. त्याला पाणी विचारले जाते, गूळ पुढे केला जातो. माजघरात मात्र नात्यागोत्याचा मनुष्यच जातो. ओटी आणि माजघर यांची मर्यादा सर्वांना ठाऊक असते आणि तिचा विषाद कोणी मानीत नाही, कारण ओटीवरील आतिथ्य अपुरे नसते. विमान-कंपनीचा विश्रांतिकक्ष ओटीच्या भाषेत बोलतो आणि माजघराच्या नियमाने वागतो. ‘यावे, बसावे, आपलेच घर समजावे’ असे तो म्हणतो. पण दारात बसलेली व्यक्ती आधी तिकिटाचा वर्ग पाहते. त्याचे गुण मोजताना या द्विधा स्वरूपाचा विसर पडू देता कामा नये.

या संस्थेचा उगम अमेरिकेतील आहे. १९३९ साली न्यू यॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडमिरल्स क्लब’ उघडला. विमान-कंपनीने स्वतः चालविलेले पहिले दालन म्हणून त्याची नोंद केली जाते. त्यात प्रवेश प्रारंभी निमंत्रणाने मिळे. कंपनीला ज्यांचा लोभ संपादावयाचा त्यांनाच ते निमंत्रण जाई. वर्गणी भरून सभासद होण्याची पद्धत पुढची. म्हणजे विश्रांतिकक्षाचा जन्म श्रमपरिहाराच्या गरजेतून झाला नाही, तो मानपानातून झाला. खुर्ची, पेय आणि शांतता ही त्या मानाची साधने होती. हा जन्मसंस्कार पुढील सर्व कंपन्यांच्या दालनांवर कमीअधिक प्रमाणात दिसतो.

भारतीय कंपन्यांत या मानपानाला सर्वांत मौलिक रूप दिले ते एअर इंडियाने. १९४६ साली बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि चित्रकार उमेश राव यांच्या कुंचल्यातून कंपनीचा ‘महाराजा’ अवतरला. फेटा, मिशा आणि छातीवर हात ठेवून लवलेली ती मूर्ती नीट पाहिली तर तिच्यातील विनोद ध्यानात येतो. येथे राजा नमस्कार घेत नाही, नमस्कार करतो. पाहुण्याला राजा म्हणणे हा साधा शिष्टाचार झाला. यजमानानेच राजा असून वाकणे हा त्याहून वरचा. एअर इंडियाच्या दालनांना पुढे त्याच महाराजाचे नाव मिळाले. शिवाय कंपनीने चित्रे विकत घेऊन आपल्या देशी-परदेशी कार्यालयांच्या आणि दालनांच्या भिंती सजविण्याचा उपक्रम चालविला. त्यातील आरंभीच्या खरेद्यांत १९५६ साली घेतलेली बी. प्रभा यांची चित्रे होती. नागपूर जिल्ह्यातील बेला येथे जन्मलेल्या या चित्रकर्तीचा आवडता विषय म्हणजे कोळिणी. पुढे या संग्रहात गायतोंडे, हुसेन, आरा यांचीही चित्रे आली, आणि चार हजारांच्या आसपास कलाकृतींचा तो संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपविण्याचे २०२३ साली ठरले. जे. आर. डी. टाटा यांची बारकाव्यांवरची नजर प्रसिद्धच आहे. विमानातील चहा आणि कॉफी यांच्या रंगात भेद दिसत नाही, अशी तक्रारही ते लिहून पाठवीत.

या साऱ्याचा समीक्षेच्या दृष्टीने अर्थ असा, की त्या काळच्या एअर इंडियाजवळ यजमानपणाची एक निश्चित कल्पना होती. दालनात काय ठेवावे हा प्रश्न तिच्या लेखी दुय्यम होता. पाहुण्याशी कोण बोलत आहे, हा पहिला. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही काही काळ ही कल्पना टिकली. पुढे ती क्षीण झाली, आणि महाराजाचे नाव राहून त्याचे लवणे तेवढे गेले. जेट एअरवेज, किंगफिशर आणि विस्तारा या खाजगी कंपन्यांनी ती उणीव झगमगाटाने, तत्परतेने, चांगल्या कॉफीने भरून काढण्याचा प्रयत्न केला. किंगफिशरची विमाने २०१२ साली थांबली, जेटची २०१९ साली. विस्तारा २०२४ साली एअर इंडियात विलीन झाली. त्यांच्या दालनांची तुलना आता केवळ आठवणींची तुलना उरली आहे. एवढे मात्र म्हणता येईल, की त्यांपैकी एकीनेही महाराजासारखी स्वतंत्र प्रतिमा निर्माण केली नाही.

परदेशी कंपन्यांकडे वळले असता तुलनेस अधिक भरीव सामग्री मिळते. हाँगकाँगचा नवा विमानतळ १९९८ साली सुरू झाला, तेव्हा कॅथे पॅसिफिकने आपली दालने इंग्लिश वास्तुकार जॉन पॉसन यांच्याकडून करवून घेतली. पॉसन यांचा लौकिक वगळण्याच्या कलेचा. दगड, लाकूड, प्रकाश आणि मोकळी जागा यांपलीकडे त्यांच्या रचनेत फारसे काही नसते. याच कंपनीने २०१५ साली ‘द पिअर’ या दालनातील पहिल्या वर्गाचा भाग इल्स क्रॉफर्ड यांच्याकडून नव्याने करवला, तेव्हा रोख घरगुतीपणाकडे वळला. याउलट तुर्की कंपनीचे इस्तंबूलमधील दालन भरगच्च आहे. तेथे प्रवाशासमोर पिदे भाजली जाते, चहा चालू असतो, माणसांची वर्दळ असते. कॅथेचे दालन प्रवाशाला गर्दीतून सोडविते. तुर्कांचे दालन त्याला बाजारातून उचलून अधिक चांगल्या बाजारात आणून ठेवते. पदार्थ मोजणाऱ्याच्या लेखी दुसरे सरस ठरेल आणि शांतता मोजणाऱ्याच्या लेखी पहिले. पण दोन्ही दालने आपापल्या नगराच्या राहणीतून उगवली आहेत, म्हणून दोन्ही खरी आहेत. दोहाचे ‘अल मुर्जान’ हे दालन सुमारे १०,००० चौरस मीटरांचे आहे. त्याच्या विस्ताराने मन स्तिमित होते, परंतु ते दोहातच का असावे याचे उत्तर त्या विस्तारातून मिळत नाही. आकार हा गुण असू शकतो, पण तो स्वतःहून आशय होत नाही.

मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथातील लयविचाराशी परिचित असलेल्या वाचकाला येथे एक मोह होणे स्वाभाविक आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयप्रकारांच्या साहाय्याने या दालनांचे विश्लेषण सहज करता येते. पॉसन यांच्या रचनेत पोतापोतांचा संवाद आहे. बाहेरचा कोलाहल आणि आतील निःशब्दता यांत विरोध आहे. बसण्याची, जेवण्याची आणि निजण्याची ठिकाणे एकमेकांना तोलून धरतात. हे विश्लेषण चुकीचे नाही. परंतु त्यात दालनाचे दार येत नाही. शुद्ध रूपाचा विचार करणारा समीक्षक दालनाच्या आत उभा राहून पाहतो. आपण आत कसे आलो, हा प्रश्न त्याला पडत नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांचा जो विस्तृत ऊहापोह केला आहे, त्याच्या प्रकाशात पाहिले तर विश्रांतिकक्ष हा लौकिकाच्या बाजूचाच पदार्थ ठरतो. त्याचे सौंदर्य आणि त्याचा उपयोग ही दोन वेगळी काढता येत नाहीत, आणि त्याचा उपयोग अंशतः असा आहे की काहींनी बाहेर राहावे.

याची दोन टोकाची उदाहरणे बोलकी आहेत. लुफ्तान्साने २००४ साली फ्रांकफुर्ट येथे पहिल्या वर्गासाठी स्वतंत्र इमारतच उभी केली. तेथील प्रवासी सार्वजनिक सभागृहात पाऊलही न ठेवता मोटारीने थेट विमानापाशी नेला जातो. दुबईत २०१३ साली सुरू झालेल्या भागात एमिरेट्सची दालने वरच्या मजल्यांवर पसरलेली असून तेथूनच विमानात जाता येते. येथे गुणवत्ता म्हणजे प्रतीक्षा सुसह्य करणे नव्हे. सर्वांच्या प्रतीक्षेतून काहींना वजा करणे होय.

ही वजाबाकी नवी आहे, हे पनवेलच्या परिसराला वेगळे सांगावे लागू नये. १८३० साली बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला आणि घाटात आगगाडी येईपर्यंत मुंबईहून पुण्याकडे जाणारा प्रवासी होडीने पनवेलच्या बंदरात उतरून पुढे खुष्कीने जाई. परतताना त्याला खाडीच्या भरतीची वाट पाहावी लागे. साहेबाला बंगला मिळे, सावकाराला ओळखीचे घर मिळे, हमालाला झाडाची सावली मिळे. सोयींत समता मुळीच नव्हती. परंतु भरती सर्वांची एकच होती, आणि ती कोणासाठीही लवकर येत नसे. जुन्या प्रवासात विषमता बसण्याच्या जागेत होती. काळ मात्र सामाईक होता. आजच्या विश्रांतिकक्षाने काळाचीही वाटणी केली आहे.

मुंबईच्या सहार येथील नव्या इमारतीचा (२०१४) विचार या संदर्भात उद्बोधक ठरतो. तेथे कंपन्या-कंपन्यांच्या दालनांची तुलना जवळजवळ अशक्य झाली, कारण बहुतेक परदेशी कंपन्यांच्या वरच्या वर्गातील प्रवाशांसाठी विमानतळाच्या चालकांनी एकच सामाईक दालन केले. तिकीट कोणत्याही कंपनीचे असो, सोफा तोच आणि उपमाही तोच. यजमान कोण, हे कळेनासे झाले. त्याच वेळी या इमारतीने सार्वजनिक भागाकडे मात्र असामान्य लक्ष पुरविले. मोराच्या पिसाऱ्याचा आभास देणारे छत आणि राजीव सेठी यांच्या नियोजनाखाली उभी राहिलेली ‘जय हे’ ही कित्येक हजार कलावस्तूंची प्रदीर्घ भिंत ही दोन्ही सर्व प्रवाशांच्या वाटेवर आहेत. रत्नागिरीहून कुवेतला नोकरीसाठी निघालेला तरुण आणि पहिल्या वर्गाचा प्रवासी यांना तीच भिंत दिसते. एअर इंडियाने चित्रे आपल्या भिंतींवर लावली होती. येथे ती सर्वांच्या रस्त्यात आली. भारतीय विमानतळांच्या अंतर्रचनेतील हे महत्त्वाचे वळण मानावे लागेल. मात्र त्या भिंतीसमोर निवांत बसावे अशी आसने भिंतीच्या मानाने तोकडीच आहेत, हेही नमूद केले पाहिजे.

दरम्यान दाराची कसोटीही बदलली. १९९२ साली सुरू झालेल्या ‘प्रायॉरिटी पास’सारख्या योजनांनी दालनाचा प्रवेश विमान-कंपनीपासून अलग केला, पुढे बँकांच्या कार्डांनी तो भारतातील मध्यमवर्गाच्या हाती दिला. परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. दालनाच्या दारात रांग लागते, आत बसावयास जागा नसते, आणि बाहेरच्या सभागृहातील एखादे शांत टोक त्याहून सुखावह वाटते. यास काही जण दर्जाची घसरण म्हणतात. ते निदान घाईचे आहे. अधिक माणसे आली म्हणून जी वस्तू निःसत्त्व होते, तिचे सत्त्व मुळात कशात होते, याचा शोध घेणे अधिक अगत्याचे. येथे उत्तर उघड आहे: माणसे बाहेर असण्यात.

आता पनवेल–माथेरान रस्त्यावरील सुकापूरकडे यावे. सुकापूर हे विमानतळाने विस्थापित केलेल्या गावांपैकी नव्हे. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, उलवे, गणेशपुरी, वाघिवली आदी दहा गावांना जागा सोडावी लागली, उलव्याची टेकडी छाटली गेली, उलवे नदीचे पात्र वळविले गेले. सुकापूरच्या वाट्याला त्या उलथापालथीची दुसरी बाजू आली: भाताच्या खाचरांच्या जागी सदनिकांच्या इमारती, आणि त्यांत मुंबईहून, घाटावरून, तळकोकणातून राहावयास आलेली कुटुंबे. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटित झाला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे. सहारला जाण्यासाठी मध्यरात्री घर सोडणाऱ्या या परिसराला विमानतळ प्रथमच शेजारी लाभला.

या विमानतळावरून प्रारंभी वाहतूक सुरू करणाऱ्या कंपन्यांत इंडिगो, एअर इंडिया एक्सप्रेस आणि आकासा या प्रमुख होत्या. तिन्ही स्वस्त भाड्याच्या. स्वतःचे विश्रांतिकक्ष चालविणे हा तिघींच्याही व्यवसायपद्धतीचा भाग नव्हे. तेव्हा सुकापूरच्या एखाद्या सदनिकेतून निघालेल्या कुटुंबाच्या दृष्टीने ‘कोणत्या कंपनीचे दालन उत्तम’ हा प्रश्नच उद्भवत नाही. त्याच्यापुढचा प्रश्न निराळा असतो: आपल्या खिशातील कार्ड चालेल का, आणि न चालल्यास बाहेर काय आहे? कंपन्यांची परस्परांशी तुलना ही ज्यांना निवड आहे त्यांची समीक्षा होय. ज्यांना ती नाही त्यांच्यासाठी तुलना दालन आणि सभागृह यांच्यातच करावी लागते, आणि विश्रांतिकक्षाच्या गुणवत्तेचा खरा मानदंडही तोच आहे. बाहेरचे पाणी, बाहेरचा चहा, बाहेरची खुर्ची जितकी निकृष्ट, तितका आतला सामान्य उपमाही पक्वान्न वाटतो. कित्येक दालनांची कीर्ती या उसन्या तेजावर उभी आहे.

या मानदंडाने पाहिले असता सिंगापूरच्या चांगी विमानतळाचे उदाहरण सर्वांत कठीण आणि म्हणून सर्वांत उपयुक्त ठरते. सिंगापूर एअरलाइन्सची ‘सिल्व्हरक्रिस’ दालने सुव्यवस्थित आहेत. परंतु त्यांच्याविषयी प्रवाशांच्या बोलण्यात दोहा वा इस्तंबूलइतका उत्साह क्वचितच आढळतो. याचे कारण दालनात शोधण्यापेक्षा दाराबाहेर शोधावे. चांगीच्या सार्वजनिक भागातच फुलपाखरांची बाग आहे, विनामूल्य चित्रपटगृह आहे, हिरवळ आहे. जेथे ओटीच इतकी प्रशस्त, तेथे माजघराला मिरविण्यासारखे थोडेच उरते. एरवीच्या तुलनेत जे दालन मध्यम ठरते, ते वस्तुतः बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याशी लढत असते. दोहाच्या दालनापुढे असा प्रतिस्पर्धी क्वचितच उभा राहतो. दालनांची क्रमवारी लावणाऱ्यांनी हा भेद कोठेच हिशेबात घेतलेला दिसत नाही.

भारतात बाहेरच्या सभागृहाकडे शासनाचे लक्ष उशिरा गेले. डिसेंबर २०२४ मध्ये कलकत्त्याच्या विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाले आणि तेथे चहा दहा रुपयांस मिळू लागला. दहा रुपयांच्या चहाची बातमी व्हावी, यावरून तोपर्यंतची स्थिती कळते. हा चहा महाराजाच्या परंपरेतला नाही, हे उघड आहे. तरी पाहुण्याला पाणी विचारण्याची जी ओटीवरील रीत, तिच्याशी त्याचे नाते कंपन्यांच्या कित्येक दालनांपेक्षा जवळचे आहे.

खुर्चीचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. आपल्या विमानतळांच्या सभागृहांतील आसनांच्या रांगांना जागोजागी धातूचे हात जडविलेले असतात, जेणेकरून कोणास आडवे होता येऊ नये. आणि त्याच छताखाली, पाय लांब करून पडता येईल असे आसन हे आतल्या दालनाचे आकर्षण म्हणून पुढे केले जाते. चांगीत अशी आसने सभागृहाच्या शांत कोपऱ्यांत, कोणालाही तिकिटाचा वर्ग न विचारता, ठेवलेली आहेत.